परवाना जीपचाच आहे

जनावरांच्या डॉक्टर इंदुमती वाळिंबे मोपेडवरून घाईनं निघाल्या होत्या. शेजारच्या वाडीत कोंडिबा सणगराची म्हैस विताना अडली होती. नाक्यावर इन्स्पेक्टर जगदाळ्यांनी त्यांना अडवलं. तिथला सिग्नल तीन महिने बंद होता, साहेबांचा आवाज तेवढा चालू होता.

"बाई, हा परवाना मोटारीचा! मोपेडला चालत नाही."

"चूक माझीच. कारवाई नंतर करा, आधी सोडा. तिकडं म्हैस मरेल."

"कायदा म्हशीसाठी थांबत नाही! मोपेड घेऊन माझ्या जीपमागं चौकीवर चला."

"परवाना नसताना चालवू? तेही पोलिसांच्या हुकमावरून?"

जमलेली माणसं हसू लागली. साहेब तडकले, "मग काय मी चालवू?"

"चालवा की!" बाईंनी हात पुढं केला. "जीपची किल्ली तेवढी द्या. तिचा परवाना आहे माझ्याकडं. तुम्ही मोपेड घेऊन चौकीवर पुढं व्हा, मी म्हशीकडं जाऊन येते."

असा हशा उसळला की साहेबांनाही मिशीतलं हसू आवरेना. त्यांनी मोपेडला कुलूप लावलं, बाईंना जीपमध्ये बसवलं आणि भोंगा वाजवत थेट गोठ्यापुढं नेलं. रेडकू सुखरूप बाहेर येईपर्यंत म्हशीचं शेपूट धरायची ड्यूटीही साहेबांनाच लागली.