टरफलं

फार पूर्वी रानात सगळ्यांचं मिळून एकच कोठार होतं, तेव्हाची ही गोष्ट. पावसाळ्यात पिल्लांच्या पोटाला म्हणून तिथे भुईमुगाच्या शेंगा साठवत. राखणीला खार होती. शेंगा कमी होऊ लागल्या, तेव्हा साऱ्यांनी साळिंदराला तपासनीस नेमलं.

साळिंदर मोठा प्रामाणिक. तो आला तशी खारीने पान वाढलं.

"साहेब, एवढ्या लांबून आलात, उपाशी कसं ठेवू?" तिने स्वतःलाही वाढून घेतलं. "आणि पाहुण्याला एकटं कसं जेवू द्यायचं?"

साळिंदराने भिंती ठोकून पाहिल्या, बिळं हुंगली. चोर सापडेना. मग तो रोज येऊ लागला, पुढे दिवसातून दोनदा. तरी ढीग उतरतच गेला, उलट जास्तच वेगाने. त्याचं डोकं चालेना.

"मी डोळ्यांत तेल घालून बसतो, मग शेंगा जातात कुठे?" जेवता जेवता त्याने झाडलोट करणाऱ्या चिचुंद्रीला विचारलं.

"मला काय ठाऊक, साहेब? मी आपली टरफलं झाडते. तुम्ही येण्याआधी एका जागची झाडायचे, आता दोन जागची."

साळिंदराचं चावणं थांबलं. तोंडातला दाणा गिळावा की थुंकावा, त्याला कळेना.

समोरून खार म्हणाली, "साहेब, अजून वाढू?"