टेकाडावरचा धूर

कुठल्या राजाच्या अमदानीत ते विचारू नका, पण फार फार जुनी गोष्ट आहे. एका गावात एक बाई राहत होती. जमिनीखाली पाणी कुठे आहे, हे तिला वरून चालताना कळायचं. राज्यात दुष्काळ पडला, तेव्हा राजाने हुकूम काढला, "हिने गावोगाव फिरावं आणि विहिरींच्या जागा दाखवाव्यात."

बाईच्या घरी नवरा होता, लहानगी लेक होती. गावाबाहेरच्या टेकाडावर तिची म्हातारी आई एकटीच राहायची. जावयाच्या दारात येऊन राहायला ती काही केल्या तयार नव्हती. आणि हल्ली तिला खोकला लागला होता.

बाई फिरू लागली. माळावर पाणी शोधताना तिला वाटे, पोरगी जेवली असेल का? घरी पोरीला भरवताना वाटे, पुढचं गाव तहानलेलं आहे. दोन्हीकडे ती अर्धी-अर्धीच असायची, आणि त्या दोन अर्ध्यांची बेरीज कधी एक भरायची नाही.

एकदा निघताना ती म्हणाली, "आई, तुझ्या काळजीनं माझं कामात लक्ष लागत नाही गं."

"मग काय, तुझ्या मागोमाग येऊन खोकू?"

"थट्टा नको. संध्याकाळी तू चूल पेटवतेसच. मी डोंगरावर चढून तुझा धूर बघत जाईन. दिसला, की समजेन तू रांधून जेवतेयस."

"बरं बाई. धूर तर धूर."

मग बाई जिथे असेल तिथला डोंगर चढे. धूर दिसे आणि तिचा जीव भांड्यात पडे. हळूहळू धूर दाट दिसू लागला. "आई सुधारली म्हणायची!" असं म्हणत तिने घरची वाट सोडली आणि आणखी एक गाव घेतलं. तिथे विहिरीला पाणी लागलं. बायांनी तिला ओवाळलं. त्या संध्याकाळी मात्र ती डोंगरावर उभी राहून बघत राहिली, आणि टेकाडावर काहीच उठलं नाही.

ती धावत गावी पोचली, तेव्हा आईला अंगणात आणून निजवलं होतं.

नवरा म्हणाला, "त्यांच्या हातात त्राण उरलं नव्हतं. भाकरी मीच पोचवत होतो."

"मग चूल कशाला पेटवायची ती?"

"थंडी वाजते म्हणाल्या. मी आपली लाकडं आणून देत होतो."

"आणि मला निरोप का नाही धाडलात?"

"धाडणार होतो. तर म्हणाल्या, माझी खुशाली तिला रोज पोचते."

लहानगी लेक तिला बिलगली. "आजी चुलीत ओला पाला घालायची. मग खूप खूप खोकायची. मी म्हटलं, नको ना गं आजी. तर म्हणाली, गप, तुझ्या आईला लांबून दिसायला हवं."



पुढे तिने मुक्कामाला जाणं सोडलं. लांबची गावं तहानलेली राहिली आणि तिला बोल लावत राहिली. आई त्यानेही परत आली नाही.

तात्पर्य : दुरून मिळालेली खुशाली आपली काळजी मिटवते, आपल्या माणसाचं दुखणं नाही.