धुवायचं तेल

छोट्या आवडीचे हात म्हणजे अगदी काथ्या. घरची काजळीभरली भांडी घासायची आणि मग सोड्यानं हात चरचरा धुवायचे. फेस आला तरच स्वच्छ, असं तिच्या मनानं घेतलेलं. कातडी तडकली तरी बिचारी धूतच राहायची. आई दिवसभर कामावर. तान्ह्या बहिणीला, ठकूला, आवडीनंच सांभाळायचं. पण तिनं उचललं की ते खरखरीत हात टोचून ठकू भोकाड पसरायची. आपल्याच बहिणीला आपण नकोसे झालो, म्हणून आवडीचा जीव तुटायचा.

एके दिवशी कामावर जाताना आईनं वाटीत चमचाभर खोबरेल दिलं. “हातांना चोळ हो बाळा.”

आवडी परसातल्या फणसाखाली, ठकूच्या झोळीपाशी बसली, तर बुंध्यावर काहीतरी लुकलुकलं. इवलीशी परी होती ती. सोनेरी केस, मोरपिशी पंख, आणि ते नाजूक पंख फणसाच्या चिकात घट्ट अडकलेले.

“थोडं पाणी घाल गं माझ्यावर,” परी रडवेली होऊन म्हणाली.

“पाण्यानं नाही सुटत चीक. त्याला तेल लागतं,” आवडी म्हणाली. दर उन्हाळ्यात फणस कापणाऱ्या घरातली पोर ती, एवढं ठाऊक असणारच की. तिनं सगळं तेल त्या चिमुकल्या पंखांना हळूहळू चोळलं. चीक सुटला. वाटी मात्र रिकामी झाली.

परी खुदकन हसली. “माग काय हवं ते. पण अटी आहेत हं.”

“ठकूनं माझ्या हातांत रडू नये.”

परीनं फुंकर घातली आणि वाटी चमचमत्या तेलानं भरली. “हे धुवायचं तेल. कोरड्या हातांना चोळायचं, मग पाणी घ्यायचं. सोडा नाही, घासणं नाही. आणि का, कसं, ते मला विचारायचं नाही.”

आवडी चक्रावलीच. “तेलानं हात धुवायचे? मग ते तेल कशानं धुवायचं?”

“विचारलंस ना? आता पुन्हा विचारलंस तर मी चालले हं.”

आवडीनं जीभ चावली. तिला काही म्हणजे काही कळेना. फेस नाही, चरचर नाही, हे कसलं बाई धुणं? पळत जाऊन सोडा आणावा, असं दोनदा मनात आलं. पण शब्द दिला होता. तिनं तेल चोळलं, तांब्यातलं पाणी ओतलं, आणि सोनेरी तेलाचं पांढरंशुभ्र दूध झालं. भेगांत बसलेली सगळी काजळी घेऊन ते निथळून गेलं.

इतक्यात ठकू जागी झाली. आवडीनं घाबरत घाबरत तिला उचललं. ठकूनं तोंड वेंगाडलं, मग थांबली, आणि ताईच्या तळव्यावर गाल टेकून पुन्हा झोपली.

“पण असं कसं झालं?” आवडी कुजबुजली.

फांदीवर लख्ख उजेड पडला आणि परी त्यात विरून गेली. आवडीला अजूनही काहीच कळलं नव्हतं. संध्याकाळी आई आली तरी ठकूला काही तिनं खाली ठेवलं नाही.