दोन रांजणांचा एक

वेळशेतच्या तेली आळीत, शनवार तेल्यांच्या प्रार्थनालयाच्या अंगणात एक रांजण आहे. शनवार तेली म्हणजे आपले बेने इस्राएल. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं दिलेलं नाव. रांजण वाकडा आहे, पोट एका अंगाला गेलेलं. काही खापरं लाल, काही काळी, मध्ये चुन्याच्या रेघा. सकाळी भरला तर दुपारी रिकामा. पाहुणे विचारतात, असला गळका रांजण ठेवलाय कशाला? तर सावकाश बसा आणि ऐका.

फार वर्षांमागे इथं दोन रांजण होते, असं सांगतात. लाल रांजण गोऱ्यांचा, काळा काळ्यांचा. हे गोरे-काळे कातडीवरून नव्हेत बरं. आईबाप दोघं इस्राएल ते गोरे. आई बाहेरच्या जातीची ते काळे. उन्हाळ्यात विहिरी मचूळ व्हायच्या, म्हणून शुक्रवारी लांबच्या झऱ्याचं गोडं पाणी आणून दोन्ही रांजण भरून ठेवायचे. शब्बाथला पाणी वाहून आणायचं नाही हा नियम देवाचा. दोन रांजणांचा नियम मात्र माणसांचा.

तो राखायचा जमातीच्या मुकादमानं, म्हणजे एलोजीनं. त्याचा मुलगा समुद्रात बुडून गेला होता. मागे राहिली सून पारू, जातीची कोळीण, आणि आठ वर्षांची नात मिल्का. म्हणजे नात काळी. एलोजीचा तिच्यावर जीव होता, पण ती प्यायची काळ्या रांजणातलंच.

त्याआधीच्या पावसाळ्यात येमेनचा एक हाखाम, म्हणजे धर्मगुरू, एलोजीकडे चार महिने राहिला होता, म्हणे. त्यानं सांगितलं होतं : जगाच्या आरंभी देवानं आपला उजेड भांड्यांत ओतला. भांड्यांना तो सोसला नाही, ती फुटली. खापरं जगभर पडली आणि दर खापराला उजेडाची एक ठिणगी चिकटून राहिली. ती वेचायची, भांडं सांधायचं, हे माणसाचं काम. तोवर देवाचं एकपणसुद्धा दुभंगलेलंच. एलोजीला गोष्ट फार आवडली. त्याला वाटलं, ही वर आभाळातल्या भांड्यांची गोष्ट.

मग चैत्रात पटकीची साथ आली. पारू अंथरुणाला खिळली. आजाऱ्यांचं करता करता काळा रांजण शनिवारी सकाळीच कोरडा पडला. उन्हं कलताना मिल्का, तिलाही लागण झालेली, भिंतीला धरत धरत अंगणात आली.

"आजा, पाणी दे."

एलोजीचा हात लाल रांजणातल्या डवल्याकडे, करवंटीच्या पळीकडे गेला. ओट्यावर चार माणसं बसली होती. त्यातला दानयालजी हसून म्हणाला, "काय मुकादम, नातीसाठी रांजण बाटवता वाटतं? मग उद्या आमच्या पोरीबाळींनी कुठलं प्यायचं?"

हात मागे आला.

"थोडं थांब, बाय," एलोजी म्हणाला. "आभाळात तीन चांदण्या दिसू देत, शब्बाथ सुटू दे. मी स्वतः झऱ्यावर जातो."

"किती थोडं?"

"हे एवढंच."

पोर काळ्या रांजणाला टेकून बसली. एलोजी आभाळाकडे बघत राहिला. एक चांदणी दिसली. दुसरी दिसली. तिसरी दिसताच तो घागर घेऊन उठला आणि, "चल मिल्के, येतेस का?" म्हणाला. ती उठली नाही. रांजणाच्या ओलसर बुडाला तिचं तोंड लागलेलं होतं.

मरणाऱ्याच्या कानात म्हणायची प्रार्थना त्यानं मेलेलीच्या कानात म्हटली. "ऐक, हे इस्राएला, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर..." पुढचा शब्द 'एक'. तो काही त्याच्या तोंडून निघेना.

त्यानं मुसळ आणून दोन्ही रांजण फोडले. गोडं पाणी सगळ्यांच्या पायांखालून वाहून गेलं.

त्यानंतर एलोजीनं मुकादमी सोडली. दोन्ही रांजणांची खापरं चुन्यात गूळ कालवून सांधत बसायचा. लाल खापराला काळं खापर नीट बसायचं नाही. एक बाजू उभी केली की दुसरी ढासळायची. पारू त्या दुखण्यातून उठली होती. तीही चुना मळून द्यायची, पण सासऱ्याशी शब्द बोलली नाही, शेवटपर्यंत नाही. अकरा वर्षांनी रांजण उभा राहिला. त्यात पाणी ठरलं नाही. एलोजी म्हणाला, "गळू दे. पण दाराशी कुणी तहानलेलं आहे का ते आधी बघा, आणि मग देवाला एक म्हणा."

आजही वेळशेतला शनिवारची प्रार्थना त्या 'एक' शब्दापाशी थांबते. एक जण उठून दारात जातो आणि मोठ्यानं विचारतो, "कुणाला पाणी हवंय का?" आता पुष्कळ घरं इस्राएलला गेली, आळीत दोन म्हातारे उरलेत. एक दारात जातो, दुसरा आत थांबतो. बाहेर सहसा कुणी नसतं. तरी दारातला म्हातारा जरा वेळ तिथंच उभा राहतो. मग आत येतो, आणि दोघं मिळून तो शब्द म्हणतात.