पुरे म्हणणारी माणसं

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते विचारू नका. ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ठाऊक नव्हतं. लहानांनी पुढे बसावं, मोठ्यांनी मागे, आणि ज्यांना आपण फार शूर आहोत असं वाटतं त्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावं.

एका डोंगरावर एक गड होता. गडाला बारा दरवाजे होते आणि एकेक दरवाजा घराएवढा जड होता. पण सकाळी कोणी नुसता तळहात टेकवला, तरी तो आवाज न करता फिरायचा. ही किमया वंगणकऱ्यांची. दरवाज्याचे लाकडी खुंट ज्या दगडी खोबणीत फिरत, त्या खोबणीतली धूळ काढायची, ती तासायची, तिला वंगण घालायचं, हे त्यांचं रोजचं काम. डोक्याला तांबड्या चौकड्यांचा रुमाल बांधून ही माणसं दिवसभर खोबणीत हात घालून बसलेली असत. त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. दरवाजा सुरळीत फिरतो आहे तोवर त्याच्या खुंटाकडे कोण बघतं?

सगळ्यांचं लक्ष पहारेकऱ्यांकडे. गडाच्या छातीवर, अगदी मधोमध, त्यांची शाळा होती. तिथे नव्या उमेदवाराच्या हाती भाला देत आणि त्याच्यासमोरून गडावरची सगळी माणसं एकेक करून चालवत नेत. सुतार, कुंभार, सुईण, वंगणकरी, खुद्द राजासुद्धा. आपल्या माणसावर ज्याचा भाला उठला, त्याच्याकडून तो तिथल्या तिथे काढून घेत आणि पुन्हा कधी देत नसत. शंभरातले दोन-चारच या परीक्षेतून पार पडत.

पण शाळा कितीही कडक असली तरी एखादा निसटतोच. गड बांधणाऱ्यांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी दोन गोष्टी करून ठेवल्या होत्या.

पहिली गोष्ट साक्षीची. पहारेकरी शत्रूला तोंडावरून ओळखत नसत, कापडावरून ओळखत. जासूद तटावरून हिंडत आणि परक्याच्या कपड्याची चिंधी मिळाली की ती पहाऱ्याच्या चौकात आणून दाखवत. प्रत्येक पहारेकऱ्याला एकाच विणीची ओळख पक्की असे. ज्याची वीण जुळली तो उठे. मात्र नुसत्या चिंधीवर भाला उचलायची मनाई होती. जासुदाने छातीवर हात ठेवून सांगायचं, "याला वाईट करताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं." चिंधी आणि साक्ष, दोन्ही मिळाल्या तरच भाला उठे. साक्ष नसेल तर पहारेकरी खाली बसे.

दुसरी गोष्ट पुरेवाल्यांची. हेही त्याच शाळेतून शिकलेले, पण त्यांच्या हाती भाला नसे. लढाई आटोपली तरी लढणाऱ्याचं रक्त लगेच शांत होत नाही. पुरेवाला त्याच्यामागे जाई, खांद्यावर हात ठेवी आणि म्हणे, "पुरे, गड्या. संपलं आता." तो हात खांद्यावर पडला की भाला खाली ठेवायचा, असा गडाचा रिवाज. पोरं त्यांना चिडवत, म्हातारे त्यांच्या नकला करत, आणि गड सुखात होता.

मग एका वर्षी शत्रू आला. तांबड्या चौकड्यांची घोंगडी पांघरलेले हजारो लोक. महिनाभर लढाई चालली. पहारेकऱ्यांच्या नायकाला नेमकी हीच वीण ओळखता येत होती, त्यामुळे तो सगळ्यांच्या पुढे राहून लढला आणि जिंकला. पण या लढाईत त्याचे दोन भाऊ गेले.

शत्रू पळाला. भीती मात्र गडावरच राहिली.

नायक राजापुढे उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते. "महाराज, जासूद साक्ष सांगत बसला तेवढ्यात माझा धाकटा भाऊ पडला. ही साक्ष बंद करा. चिंधी दिसली की आम्ही उठणार."

नायक आणखी एक पाऊल पुढे सरकला.

"आणि हे पुरेवाले! यांनी आजवर एक तरी शत्रू मारलाय का? आयतं खातात आणि आमचे हात धरतात."

राजा वाईट नव्हता, घाबरलेला होता. घाबरलेल्या माणसाला जोरात बोलणाऱ्याचंच म्हणणं पटतं. त्याने साक्ष बंद केली आणि पुरेवाल्यांना घरी बसवलं. बरेचसे गड सोडून गेले. सात उरले. त्यांतला सगळ्यात वयस्कर पुरेवाला दरबारातून निघताना एवढंच म्हणाला, "महाराज, भाला उचलायला जेवढं शिकवावं लागतं, त्याहून जास्त तो खाली ठेवायला शिकवावं लागतं."

त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. त्याला एकच मुलगी होती आणि ती वंगणकऱ्यांच्या आळीत दिलेली होती.

पुढे काय झालं असेल, ते तुमच्यातल्या काहींनी ओळखलंच असेल. एके दिवशी एका वंगणकऱ्याचा रुमाल खिळ्याला अडकून टरकन फाटला. जासुदाला खिळ्यावर तांबडी चौकडी लोंबताना दिसली. तो धावत चौकात गेला. पूर्वी त्याला कोणी तरी विचारलं असतं, की बाबा रे, तू काय पाहिलंस? आता विचारणारं कोणी नव्हतं. नायक ताडकन उठला आणि त्याने शिंग फुंकलं.

पहिल्या दरवाज्यापाशी तीन वंगणकरी बसले होते. त्यांना हात वर करायलाही वेळ मिळाला नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं. पण झटापटीत आणखी रुमाल फाटले, चिंध्या रस्त्यावर उडाल्या, जासुदांनी त्या वेचून चौकात नेल्या आणि चिंध्या बघून आणखी पहारेकरी उठले. जितके हल्ले होत, तितक्या चिंध्या वाढत.

इकडे दरवाजे आखडू लागले. रात्रभर बंद राहिलेला दरवाजा सकाळी हलेचना. दहा माणसांनी घटकाभर रेटावं, तेव्हा कुठे तो करकरत सरके. उन्हं वर आली की जरा सैल होई, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. खोबणीजवळचे दगड तापल्यासारखे लाल दिसू लागले, लाकूड फुगलं. राजाने नायकाला बोलावलं.

"दरवाजे का अडतायत?"

"खोबणीत शत्रू लपलाय, महाराज. म्हणून तर अडतायत. आणखी माणसं पाठवतो."

आता याला काय म्हणावं? आपणच मोडायचं आणि मोडलेलं दिसलं की शत्रूचा पुरावा सापडला म्हणायचं! मला अजून या नायकाचा राग येतो. पण त्याचे दोन भाऊ आठवले की तो रागही पुरा टिकत नाही.

पहिला दरवाजा कायमचा बसला. मग चौथा. मग सातवा. त्यांचे खुंटच मोडले. बाकीचे कसेबसे हलत होते. बारावा तेवढा धड होता, आणि पाण्याच्या झऱ्याकडे जाणारी वाट त्याच दरवाज्यातून होती. तो बसला असता तर सगळा गड आतल्या आत तहानेने मेला असता.

आणि एका सकाळी चिंधी बाराव्या दरवाज्याची आली.

तिथे पाच वंगणकरी उरले होते. शिंग ऐकताच ते दरवाज्यालगतच्या देवडीत, म्हणजे पहाऱ्याच्या त्या दगडी खोलीत शिरले आणि त्यांनी आतून कडी घातली. त्या पाचांत म्हाताऱ्या पुरेवाल्याची मुलगी होती. बाहेर शंभर भाले. नायक स्वतः कुऱ्हाडीने देवडीचं दार फोडत होता.

म्हाताऱ्याला बातमी कळली तेव्हा तो भाकरी खात होता. घास तसाच टाकून तो उठला. उरलेल्या सहा जणांच्या दारांवर थापा मारत गेला. "चला. हुकूम नाही, माहीत आहे मला. तरी चला."

सात निःशस्त्र म्हातारी माणसं त्या गर्दीत शिरली. दाराची एक फळी फुटली होती. आतून आवाज आला, "आबा!" त्याला वाटलं, आधी धावत जावं आणि दारापुढे आडवं पडावं. पण त्याला ठाऊक होतं, आडवा येईल त्याला हे भाले शत्रूच समजतील. तो मुलीकडे गेला नाही. तो चिंधी आणणाऱ्या जासुदाकडे गेला.

"तू काय पाहिलंस?"

"ही चिंधी बघा ना."

"चिंधी मलाही दिसतेय. आतल्या माणसांना कोणाचं वाईट करताना तू पाहिलंस का? छातीवर हात ठेव आणि सांग."

जासुदाने हात उचलला. तो छातीपर्यंत गेलाच नाही. "वंगण घालताना पाहिलं," तो हळूच म्हणाला.

जवळच्या पाच-दहा पहारेकऱ्यांनी ते ऐकलं. त्यांचे भाले जरा खाली आले. पण नायकाला काही ऐकू येत नव्हतं. कुऱ्हाडीचे घाव चालूच होते. दुसरी फळी फुटली आणि तांबड्या चौकडीचा रुमाल समोर दिसला. नायकाने कुऱ्हाड टाकून भाला उचलला.

म्हाताऱ्याने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

नायक गर्रकन वळला आणि भाल्याचं पातं म्हाताऱ्याच्या दंडात घुसलं. रक्त बोटांवरून ठिबकू लागलं. म्हाताऱ्याचा दुसरा हात नायकाच्या खांद्यावरून हलला नाही. त्याला फार भीती वाटत होती, आणि ती त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती.

"पुरे, गड्या. संपलं."

"माझे भाऊ मारले यांनी!"

"यांनी नाही मारले. ज्यांनी मारले ते केव्हाच पळाले. तुझे भाऊ रोज ज्या दरवाज्यातून पाण्याला जायचे, तो ही माणसं उघडून द्यायची. पुरे, बाळा."

किती वेळ गेला कोणास ठाऊक. सहा म्हातारे सहा खांद्यांवर हात ठेवून उभे होते, मग तिथून पुढच्या सहांकडे गेले. नायकाचा खांदा हळूहळू सैल पडला. त्याने फुटलेल्या दारातून आत पाहिलं. एक बाई वंगणाचं मडकं पोटाशी धरून उभी होती. तिच्या हातात दुसरं काहीच नव्हतं. त्याच्या हातून भाला गळाला आणि तो खाली बसून लहान मुलासारखा रडला.

राजाला सगळं कळलं तेव्हा त्याने दुसरं टोक गाठलं. "सगळ्या पहारेकऱ्यांचे भाले काढून घ्या!"

दंडाला फडकं बांधलेला म्हातारा म्हणाला, "तसं करू नका, महाराज. उद्या खरा शत्रू आला तर त्याला कोण अडवणार? पेटलेल्यांचे भाले चार दिवस बाजूला ठेवा, ते चालेल. पण सगळा गड उघडा टाकू नका. साक्ष परत सुरू करा आणि आमची माणसं परत बोलवा. तेवढ्यात भागेल."

तसंच झालं. साक्ष परत आली, पुरेवाले परत आले. हळूहळू नऊ दरवाजे पुन्हा तळहाताने फिरू लागले. पण पहिला, चौथा आणि सातवा कधीच उघडले नाहीत. मोडलेले खुंट पश्चात्तापाने जुळत नाहीत. उशीर झाला होता आणि उशिराची शिक्षा गडाने कायमची भोगली.

नायकही ती वीण विसरला नाही. एकदा शिकलेलं विसरायचं नाही, हीच तर त्याची शिकवण होती. कुठे तांबडी चौकडी दिसली की त्याचा हात अजूनही भाल्याकडे जाई. म्हणून म्हातारा पुरेवाला आयुष्यभर त्याच्या शेजारी उभा राहिला, एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून. तो गेल्यावर त्याच्या मुलीने विचारलं, "आता यांच्याजवळ कोण उभं राहणार?" आणि कोणी उत्तर द्यायच्या आत तीच जाऊन उभी राहिली, डोक्याला तोच रुमाल बांधून.

तुम्ही म्हणाल, असा गड कुठे असतो का? सकाळी उठल्यावर ज्यांची बोटं वळत नाहीत, गुडघे लाल होऊन सुजतात, जिना उतरताना ज्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, त्यांना विचारा. त्यांच्या अंगातले, रोगाशी लढणारे पहारेकरी शूर आहेत, फक्त त्यांनी आपल्याच सांध्यांना शत्रू समजलं आहे. अशा माणसाला 'थंडीमुळे होतं' म्हणून घरी बसवू नका. दरवाजा पहिल्यांदा करकरतो तेव्हाच जाणत्या डॉक्टरकडे न्या.

तात्पर्य: राखण करणाऱ्याला शत्रू ओळखता आला पाहिजे, पण आपलं माणूस ओळखून वेळेवर थांबता आलं नाही, तर तोच घराचा सगळ्यात मोठा शत्रू होतो.