धोतरावरचे तीळ

“हिनं माप ओलांडलं आणि पाठोपाठ गावात ताप शिरला. शिमग्यापर्यंत उतरला नाही, तर माहेरी धाडते हिला.”

एकदा एका डोंगरपायथ्याच्या गावात एका नव्या सुनेने भिंतीपलीकडून सासूचे हे शब्द ऐकले. ते शेजारणीसाठी होते, म्हणून आपण ते ऐकलेच नाहीत असे दाखवून ती भाकरी थापत राहिली. भाकरी मात्र त्या दिवशी जरा जास्तच पातळ झाली.

दुपारी ती गावातल्या वृद्ध वैद्यांकडे औषधे खलायला जाई. खलता खलता शिकेही; तीच त्यांची एकुलती शिष्या. त्या दिवशी काजूच्या बागेत एक वानर मरून पडले होते. हनुमानाचे रूप म्हणून लोक तिरडी, गुलाल आणि टाळ घेऊन जमले. वैद्य पायांना करंजाचे तेल चोपडून तिथे पोहोचले. “कुणी हात लावू नका,” म्हणाले, आणि घडीचे पांढरेशुभ्र धोतर काठीला बांधून त्यांनी वानराभोवतीच्या पातेऱ्यावरून, त्या वाळक्या पाल्यावरून, फरफटत नेले.

“बुवा, धोतर धुताय की मळवताय?” कुणीतरी विचारले.

“म्हातारपण हो, दुसरं काय!” दुसरा म्हणाला आणि सगळे हसले.

वैद्यांनी धोतर उलटून शिष्येपुढे धरले. “काय दिसतं, पोरी?”

“तीळ सांडलेत.” मग ती दचकली. “आजोबा, तीळ चालतायत!”

हसणे थांबले.

“गोचिडी आहेत,” वैद्य शांतपणे म्हणाले. “वानरं डोंगरावर होती, तेव्हा त्यांच्या गोचिडीही तिथंच होत्या. आपण रान तोडून काजू लावला. वानरं बागेत उतरली. वानर मेलं, की गोचिडी दुसरं ऊबदार अंग शोधतात, आणि त्यांच्या चाव्यातून हा ताप चढतो. मागच्या वानराला खांदा देणारे आज कुठं आहेत?”

ते सगळे तापाने अंथरुणाला खिळलेले होते.

“आणि गोठ्यात अंथरायला पातेरा गोळा करणाऱ्या बायका? रान पुन्हा वाढवायला पिढी जाईल. पातेऱ्यातून पाय काढून घ्यायला आजचा दिवस पुरे. नमस्कार लांबूनही पोचतो.”

लोकांनी लांबूनच हात जोडले.

सून घरी आली, तेव्हा सासू डालगे घेऊन पातेऱ्याला निघाली होती. शेजारीण अंगणात खोळंबली होती. लग्नापासून सुनेने घरात ‘हो’ आणि ‘वाढू का’ यापलीकडे शब्द काढला नव्हता. तिने डालगे सासूच्या हातून काढून घेतले.

“आत्याबाई, ताप माझ्याबरोबर आला असता, तर माझ्याबरोबर परतही गेला असता. पण तो त्या पातेऱ्यात बसलाय. मला माहेरी धाडायचं तर खुशाल धाडा. तुम्ही मात्र आज तिकडं जाऊ नका.”