टेकडीवरची नागमोडी रेघ

मुलांनो, एका जंगलात टेकडीच्या उतारावर सगळे ससे शेजारी शेजारी बिळे करून राहत असत. जंगलाचे भाग पाडलेले होते आणि प्रत्येक भागातून एक पंच सभेवर निवडून जाई. पाणवठ्यावर कोणी केव्हा पाणी प्यायचे, हे ती सभा ठरवी. सशांचा पंच सभेत होता, म्हणून त्यांना सकाळची, लांडगे पोट भरून झोपलेले असतानाची पाळी मिळे.

एके वर्षी सीमा नव्याने आखायचे काम कोल्ह्याकडे आले. मग काय विचारता! त्याने शेपटीने अशी नागमोडी रेघ ओढली, की सशांच्या उताराचे तीन तुकडे झाले आणि एकेक तुकडा लांडग्यांच्या मोठ्या वस्तीला जोडला गेला. आता ससा कुठूनच निवडून येणार नव्हता. म्हातारा ससा धापा टाकत न्यायाधीश कासवाकडे गेला. "महाराज, आमची पाळी गेली तर पिल्ले जिवानिशी जातील!"

कासव खरोखर प्रामाणिक होते. ते म्हणाले, "रेघ स्वतः चालून पाहिल्याशिवाय मी निकाल देत नाही."

कोल्ह्याने हात जोडले. "अगदी रास्त, महाराज. सावकाश पाहा. एकही वळण सोडू नका."

कासव निघाले. चालले, थांबले, पुन्हा चालले. इकडे निवडणूक झाली, तीही नव्याच रेघेवर. सभा लांडग्यांनी भरली आणि सशांना संध्याकाळची, शिकारीच्या वेळची पाळी मिळाली. पाण्याला गेलेल्यांपैकी रोज कोणीतरी परत येईना. सांगतानाही थकायला होते, पण घडले ते असे.

अखेर कासव परतले. "रेघ अन्यायाची आहे. पुसून टाका!" कोल्ह्याने ती मुकाट्याने पुसली. त्याचे काम केव्हाच झाले होते.

म्हातारा ससा हळूच म्हणाला, "निकाल सोळा आणे खरा, महाराज. पण पंच निवडायला उतारावर आता मी एकटाच उरलो आहे."

कासवाचे डोळे भरून आले. "अरे, मी वाटेत कुठे झोपलो नाही रे."

"ठाऊक आहे मला. पण 'मी परत येईपर्यंत जुनीच रेघ चालेल,' एवढे निघताना सांगितले असते, तरी आम्ही वाचलो असतो."

तात्पर्य : न्याय द्यायला वेळ लागणार असेल, तर तोवर अन्याय तरी थांबवून ठेवावा.